परदेशी पेपरात आपली बातमी वाकडी आलीये असं वाटलं तर ती तपासायची कशी

७ मे २०२५ ला संध्याकाळी इंदूरमध्ये ब्लॅकआऊटची मॉकड्रिल होती. आम्ही राजेंद्र नगरला घरातले सगळे दिवे बंद करून गॅलरीत बसलेलो, आई, काका, मी, आणि काकांच्या हातात मोबाईल. त्याच दिवशी पहाटे, मध्यरात्र उलटल्यावर, ऑपरेशन सिंदूर झालेलं. पंधरा दिवस आधी २२ एप्रिलला पहलगामला २६ माणसं मारली गेली त्यातला एक आपल्या इंदूरचा होता, त्यामुळे आमच्या गावात ही काही लांबची, टीव्हीवरची गोष्ट राहिली नव्हती. आणि तेवढ्यात आत्तेभावाने लंडनहून घरच्या ग्रुपवर एका इंग्लिश पेपरची लिंक टाकली, त्यात मारणाऱ्यांना कुठे 'मिलिटंट', कुठे 'गनमॅन' म्हटलेलं. काकांनी वाचलं आणि थरथरत्या आवाजात म्हणाले, हे लोक आपल्याला कधी न्याय देणारच नाहीत.

मलाही तेच वाटलं. पण आत्तेभावाने साधा प्रश्न विचारला, काका, अन्याय नक्की कुठल्या ओळीत आहे ते दाखवा, मी इथल्या संपादकाला लिहितो. आणि आम्हाला कुणालाच ती ओळ नीट दाखवता आली नाही. राग खरा होता, कारणही खरं होतं, पण मांडता येईना. तेव्हापासून मी एक वही करतोय आणि आता रविवारी पोहे झाले की काका आणि मी मिळून एखादी बातमी घेऊन बसतो. ती पद्धत इथे लिहितोय, कारण असं काही पुन्हा झालं की लोक परत तशीच भांडणार, आणि मला मनापासून वाटतं की आपली बाजू मांडायची तर ती पक्की मांडावी.

आधी बघा की बातमी लिहिलीये कुणी. हेडलाईनच्या खाली नाव असतं, नाहीतर रॉयटर्स, एपी, एएफपी असं सगळ्या पेपरांना बातम्या पुरवणाऱ्या एजन्सीचं नाव असतं. हे फार महत्त्वाचं आहे, कारण लोक म्हणतात 'बघा, जगभरच्या पन्नास पेपरांनी हेच छापलं' आणि उघडून बघितलं तर पन्नासही ठिकाणी एकाच एजन्सीची कॉपी असते, फक्त हेडलाईन प्रत्येकाने आपापली लावलेली. म्हणजे ते पन्नास साक्षीदार नाहीत, एकच आहे. आणि हेडलाईन बहुतेक वेळा बातमीदार लिहितच नाही, ऑफिसात बसलेला डेस्कवाला लिहितो, त्यामुळे वहीत दोन कप्पे करा, हेडलाईन वेगळी आणि मजकूर वेगळा. कितीदा तरी मजकूर सरळ असतो आणि हेडलाईन वाकडी. अजून एक, ती बातमी आहे की कुणाचा लेख आहे ते बघा, 'ओपिनियन' लिहिलेलं असेल तर तो त्या माणसाचा विचार, त्यावरून पेपरला धरता येत नाही. आमच्या ग्रुपवरची अर्धी भांडणं इथेच संपली असती.

आता शब्दांकडे येऊ, कारण सगळ्यात जास्त दुखतं ते तिथेच. 'टेररिस्ट' न म्हणता 'मिलिटंट' का म्हणतात? रॉयटर्सचा नियम जुना आहे, २००१ मध्ये अमेरिकेत ट्विन टॉवर पडले तेव्हाही त्यांच्या बातम्यांच्या प्रमुखाने आपल्या लोकांना लिहून कळवलं होतं की हा शब्द आपण स्वतःच्या तोंडाने वापरायचा नाही. बीबीसीचंही तसंच, कुणी म्हटलं असेल तर त्याच्या नावावर छापतात, स्वतः म्हणत नाहीत. ऑक्टोबर २०२३ मध्ये हमासने इस्रायलवर हल्ला केला तेव्हा याच गोष्टीवरून बीबीसीला ब्रिटनच्याच मंत्र्यांनी धारेवर धरलं होतं तरी त्यांनी स्वतःच्या तोंडाने 'टेररिस्ट' म्हटलं नाही. पहलगामनंतर आपल्या सरकारने बीबीसीला याबद्दल कळवलं, आणि अमेरिकेच्या संसदेच्या परराष्ट्र समितीतल्या बहुमतवाल्यांनी तर न्यूयॉर्क टाइम्सच्या हेडलाईनमधला 'मिलिटंट्स' खोडून वर 'टेररिस्ट्स' लिहून ती पोस्ट केली.

माझं मत सांगतो. फिरायला आलेल्या माणसांना धर्म विचारून बायकोपोरांसमोर गोळ्या घालणं हा दहशतवाद आहे आणि त्याला दुसरं नाव देणारा नियम मला चूक वाटतो. पण चूक नियम सगळ्यांना सारखा लावणं वेगळं आणि पक्षपात वेगळा. पक्षपात कधी? जेव्हा तो पेपर स्वतःचाच नियम मोडतो. म्हणून वहीत असं करायचं, त्याच पेपरने स्वतःच्या देशातल्या किंवा त्याला जवळच्या देशातल्या हल्ल्याला काय म्हटलं होतं ते शोधायचं, म्हणजे लंडन २००५, पॅरिस २०१५, ख्राईस्टचर्च २०१९, आणि समोर मुंबई २००८, पुलवामा २०१९, पहलगाम २०२५. पेपरचं नाव, वर्ष आणि तो शब्द असं सर्चमध्ये टाकलं की जुन्या बातम्या निघतात. मग बघा, घरच्या हल्ल्याला पेपर स्वतःच्या आवाजात 'टेरर' म्हणतो आणि आपल्याकडच्याला 'गनमॅन' म्हणतो का. तसं दिसलं तर तुमच्या हातात पुरावा आहे, तारखेसकट. नाही दिसलं तर तुमची तक्रार त्यांच्या नियमाशी आहे, तीही करायची, पण मग 'भारतद्वेष' हा शब्द वापरायचा नाही. आम्ही चार पेपरांचं असं केलं, दोन आपला नियम पाळत होते, दोन पाळत नव्हते. काकांना वाटत होतं चारही निघतील.

दुसरं, क्रियापद. हे पटकन नजरेत येत नाही. एक बाजू 'म्हणाली', दुसरीने 'दावा केला'. एकाने 'सांगितलं' आणि दुसऱ्याने 'पुरावा न देता सांगितलं'. एका बाजूची माणसं 'मारली गेली', दुसऱ्या बाजूची नुसती 'मेली'. पेनं घ्या दोन रंगांची, प्रिंट काढा, किंवा मोबाईलवरच स्क्रीनशॉटवर खुणा करा, भारताच्या प्रत्येक विधानामागचं क्रियापद एका रंगाने आणि पाकिस्तानच्या दुसऱ्याने. दहा मिनिटांचं काम आहे. एका बातमीवरून काही ठरवू नका, त्याच बातमीदाराच्या निदान पाच-सहा घ्या.

तिसरं, कुठली गोष्ट कितव्या परिच्छेदात आली. धर्म विचारून मारलं हे हल्ल्यातून जीव वाचलेल्या लोकांनी सांगितलं होतं, ते वरच्या तीन परिच्छेदांत आहे, तळाशी आहे की नाहीच आहे? द रेझिस्टन्स फ्रंटने आधी जबाबदारी घेतली आणि काही दिवसांनी नाकारली, तर दोन्ही गोष्टी लिहिल्यात की फक्त नाकारल्याचं? ती लष्कर-ए-तैयबाचीच शाखा समजली जाते आणि जुलै २०२५ मध्ये अमेरिकेने तिला दहशतवादी संघटना म्हणून जाहीर केलं, त्यानंतरच्या बातम्यांमध्ये हे येतं का? माहिती दडवायला खोटं बोलावं लागत नाही, नुसती अठराव्या परिच्छेदात टाकली तरी चालतं, कारण तिथपर्यंत कुणी जात नाही.

तळाला एक ठरलेला परिच्छेद असतो, प्रत्येक बातमीत तोच चिकटवलेला, की काश्मीरवर दोन्ही देश पूर्ण हक्क सांगतात आणि दोघांकडे थोडा थोडा भाग आहे. त्यात अक्साई चीन चीनकडे आहे हे बऱ्याचदा नसतंच. तसंच नकाशाचं, आपल्याकडे यावरून २०१५ मध्ये अल जझीरा हे चॅनल पाच दिवस बंद होतं. नकाशा जरूर बघा पण सगळा जोर त्यावर घालवू नका, बाहेरचे बहुतेक पेपर तुटक रेघाच काढतात, सगळ्याच वादाच्या सीमांना काढतात.

आता जे सांगतोय ते मला स्वतःला पचायला सगळ्यात जड गेलं. ८ मेला रॉयटर्सने अमेरिकन अधिकाऱ्यांच्या हवाल्याने छापलं की पाकिस्तानच्या चिनी बनावटीच्या जे-१० विमानाने भारताची निदान दोन विमानं पाडली, त्यातलं एक राफेल. अधिकाऱ्यांची नावं नव्हती. आमच्या ग्रुपवर एकजात सगळे म्हणाले की विकली गेलेली बातमी आहे, मीही म्हणालो. ३१ मेला चीफ ऑफ डिफेन्स स्टाफ, म्हणजे सैन्यदलांतले सर्वात वरिष्ठ अधिकारी, जनरल अनिल चौहान यांनी सिंगापूरमध्ये ब्लूमबर्गला सांगितलं की आपली विमानं गेली, आकडा दिला नाही, पाकिस्तानचा सहाचा आकडा मात्र साफ चूक आहे म्हणाले. म्हणजे त्या बातमीचा गाभा अगदीच हवेतला नव्हता. आणि त्याच मे महिन्यात न्यूयॉर्क टाइम्स आणि वॉशिंग्टन पोस्टने सॅटेलाइट फोटो तपासून छापलं की पाकिस्तानच्या हवाई तळांवर भारताच्या माऱ्याच्या खुणा स्पष्ट दिसतायत, तेव्हा तेच पेपर आम्ही अभिमानाने फॉरवर्ड केले. मला त्या दिवशी फार अस्वस्थ वाटलं, की आपण पेपर तपासतोय की नुसता आपल्याला बरा वाटणारा निवडतोय. म्हणून वहीत प्रत्येक मोठ्या बातमीपुढे एक रिकामा कॉलम ठेवा, 'एक महिन्याने'. महिन्याने परत येऊन लिहायचं, खरी निघाली, खोटी निघाली की अजून अधांतरी. अधांतरी पण लिहायचं बरं का, ऑगस्टमध्ये हवाई दल प्रमुखांनी सांगितलं की आपण पाकिस्तानची पाच लढाऊ विमानं आणि एक मोठं विमान पाडलं, पाकिस्तानने ते नाकारलं, तर ते दोन्ही तारखेसकट लिहून ठेवलंय.

आमच्या शेजारी महूहून रिटायर झालेले एक सुभेदार साहेब राहतात, त्यांना मी विचारलं की आपली विमानं गेल्याचं आपण तीन आठवडे का नाही सांगितलं. ते म्हणाले, लढाई चालू असताना कुठलीच फौज आपलं नुकसान सांगत नाही, सांगूही नये, समोरच्याला फायदा होतो. बरोबर आहे. पण त्याचा परिणाम समजून घ्या, आपण गप्प राहिलो की बातमीदाराला कॉपी तर भरायचीच असते, तो जो बोलतोय त्याचं घेतो. पाकिस्तानचे लष्करी प्रवक्ते त्या दिवसांत सतत इंग्लिशमध्ये बोलत होते. आपल्याकडून परराष्ट्र सचिव विक्रम मिसरी, कर्नल सोफिया कुरेशी आणि विंग कमांडर व्योमिका सिंग यांची ब्रीफिंग झाली, ती नेटकी होती, आणि बाहेरच्या पेपरांत ती ठळक आली. आपण बोललो तिथे आपली बाजू आली.

दार कोण उघडतं हेही बघायचं. २६ फेब्रुवारी २०१९ ला पाकिस्तानात बालाकोटला आपला हवाई हल्ला झाला, रॉयटर्सच्या लोकांना नंतर त्या टेकडीवर चढू दिलं नाही, आणि परदेशी पत्रकारांना पाकिस्तानी लष्कराने तिथे नेलं ते ४३ दिवसांनी. आता ज्या बातमीत 'आम्ही जाऊन पाहिलं, मदरसा शाबूत आहे' असं आहे त्यात 'आम्हाला लष्कराने नेलं, इतक्या दिवसांनी नेलं' हे लिहिलंय का ते शोधा. ज्यांनी लिहिलं ते प्रामाणिक. ज्यांनी गाळलं त्यांच्या नावापुढे खूण करा. उलट बाजूनेही तेच, आपल्याकडे परदेशी पत्रकाराला काश्मीरात जायला परवानगी लागते, तर दिल्लीत बसून लिहिलेल्या बातमीवर ठिकाणाचं नाव काय टाकलंय ते बघा.

कोणाचं काय अडकलंय हेही एका ओळीत लिहा. जे-१० चीन बनवतो, तर त्या विमानाचं कौतुक चीनच्या सरकारी माध्यमात आलं तर ते माल विकणाऱ्याच्या तोंडचं कौतुक म्हणून वाचायचं. टीआरटी तुर्की सरकारचं आहे, अल जझीरा कतारच्या पैशावर चालतं. याचा अर्थ सगळं खोटं असा नाही, फक्त कुणाचं आहे ते माहीत असावं.

आणि आपले चॅनल. हे टाळून चालणार नाही. ८ आणि ९ मेच्या रात्री आपल्या काही चॅनलांनी कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याचं दाखवलं, कुणी इस्लामाबाद पडलं म्हणालं, आणि कराचीचा म्हणून जो एक व्हिडिओ फिरला तो जानेवारीत अमेरिकेत फिलाडेल्फियाला विमान पडलं त्याचा होता. व्हिडिओ गेमची दृश्यंसुद्धा लढाई म्हणून फिरली. काका रात्री दोनपर्यंत जागे, डोळ्यांत पाणी, आणि सकाळी कळलं की काहीच झालेलं नाही. त्या माणसाचा जो विश्वास तुटला त्याचा मला आजही राग आहे. आणि नुकसान तिथेच संपत नाही, आपल्या खऱ्या गोष्टींवरही बाहेरचा संपादक 'दावा' हा शब्द लावायला लागतो, त्याला कारण मिळतं. म्हणून व्हिडिओ आला की फॉरवर्ड करायच्या आधी त्याचा स्क्रीनशॉट गुगल लेन्समध्ये टाका, जुना असेल तर बहुतेक वेळा तिथेच निघतो. पाट्या बघा, गाड्या रस्त्याच्या कुठल्या बाजूने चालल्यात बघा, पाकिस्तानात आपल्यासारख्याच डावीकडून चालतात, व्हिडिओत उजवीकडून दिसल्या तर तो तिथला नाही.

एक गोष्ट मला फार उशिरा सुचली, ती तुम्ही पहिल्यांदा करा. सराव आपल्या भांडणावर करू नका, डोकं गरम असतं. परक्या भांडणावर करा. थायलंड आणि कंबोडियाची जुलै २०२५ ची लढाई घ्या, २४ ला सुरू झाली, पाच दिवस चालली, २८ ला मलेशियात युद्धबंदी ठरली. दोघंही म्हणाले पहिली गोळी समोरच्याने झाडली. कंबोडियाकडून रॉकेटं आली, थायलंडने एफ-१६ वापरली, सीमेवरच्या दोन्हीकडच्या गरीब लोकांना घरं सोडून पळावं लागलं. त्यांच्या जुन्या सीमावादात जे देऊळ सगळ्यात गाजलं, आपल्या शिवाचंच, त्याला कंबोडियात प्रेआ विहिअर म्हणतात आणि थायलंडमध्ये खाओ फ्रा विहान, आणि १९६२ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने ते कंबोडियाला दिलं. आता एक दिवसाची बातमी तीन ठिकाणी वाचा, बँकॉकच्या पेपरात, नॉम पेन्हच्या पेपरात आणि रॉयटर्सवर. देवळाचं नाव कुणी कुठलं वापरलं, १९६२ चा निकाल कुणी लिहिला कुणी गाळला, कुणाचे मेलेले आधी आले. आपलं कुणी त्यात नसतं त्यामुळे सगळं एकदम स्वच्छ दिसतं. काकांना हे करताना जे कळलं ते माझ्या दहा भाषणांनी कळलं नव्हतं, ते म्हणाले, अरे, म्हणजे त्या थाई माणसालाही वाटत असेल की जग आपल्याविरुद्ध आहे.

हिंदी आपल्याला इंदूरवाल्यांना येतेच, तर बीबीसीची एकच घटना मराठी, हिंदी आणि इंग्लिशमध्ये उघडा, आणि उर्दू पान मोबाईलवर भाषांतर करून बघा. २०२४ पासून बीबीसीचं हिंदी-मराठीचं काम कलेक्टिव्ह न्यूजरूम नावाची भारतीय कंपनी करते. शब्द कुठे बदलतात, कुठला परिच्छेद एका भाषेत आहे आणि दुसऱ्यात नाही, हे शोधायला मजा पण येते आणि बरंच काही हाती लागतं.

हेडलाईन बदलली तर तीही पकडता येते. वेबसाईटच्या पत्त्यात बऱ्याचदा पहिल्या हेडलाईनचे शब्द तसेच राहतात. वेबॅक मशीन नावाची जुनी पानं जपून ठेवणारी वेबसाईट आहे, तिच्यावर बातमीचा पत्ता टाकला तर जुनी रूपं दिसू शकतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये गाझातल्या अल-अहली हॉस्पिटलच्या स्फोटाची बातमी न्यूयॉर्क टाइम्सने आधी इस्रायली हल्ला अशी पॅलेस्टिनी लोकांच्या हवाल्याने वरती लावली, मग हेडलाईन बदलत गेली आणि सहा दिवसांनी संपादकांची टीप आली की सुरुवातीला एकाच बाजूच्या म्हणण्यावर जास्त विसंबलो. अशी टीप शोधा, पानाच्या वर नाहीतर तळाशी असते. टीप देऊन बदलणारा पेपर आणि गुपचूप बदलणारा पेपर यात फरक करा, पहिल्याचा मी मान राखतो.

शेवटी तक्रार. आमचे आजोबा नईदुनियाला संपादकाच्या नावे पत्रं लिहायचे, पोस्टकार्डावर, एका वेळी एकच मुद्दा, आणि छापून आलं की कात्रण डायरीत. तीच पद्धत आजही चालते. बीबीसीचा तक्रारीचा ऑनलाईन फॉर्म आहे, बातमी आल्यापासून ३० कामाच्या दिवसांत भरायचा, उत्तराने समाधान नाही झालं तर परत लिहायचं आणि मग वरती एक्झिक्युटिव्ह कम्प्लेंट्स युनिट आहे. गार्डियनमध्ये वाचकांच्या तक्रारी बघायला वेगळा संपादक असतो, न्यूयॉर्क टाइम्सने असं पद २०१७ मध्ये बंद केलं, तिथे दुरुस्तीसाठी लिहावं लागतं. तक्रारीत 'तुम्ही भारतद्वेष्टे आहात' लिहू नका, ते पहिल्याच ओळीला बाजूला ठेवतात. बातमीचा पत्ता, तारीख, कितवा परिच्छेद, त्यातलं वाक्य जसंच्या तसं, मग त्यांच्याच जुन्या बातमीतलं उलटं वाक्य तारखेसकट, आणि तुम्हाला काय बदलून हवंय ते एका ओळीत. स्क्रीनशॉट आधी काढून ठेवा, बातमी नंतर बदलते.

काकांनी एका पेपरला असं पत्र पाठवलं, इंग्लिश मी करून दिलं, मुद्दा एवढाच की तुमच्या बातमीत २६ पैकी एकाचंही गाव, वय, काम काहीच नाही आणि तुमच्याकडच्या हल्ल्यात तुम्ही प्रत्येक माणसाबद्दल लिहिलं होतं. उत्तर सतरा दिवसांनी आलं, दोन ओळींचं, मुद्दा संबंधित डेस्ककडे पाठवलाय असं. काकांनी त्याची प्रिंट काढली आणि आजोबांच्या कात्रणांच्या डायरीत लावली, खाली तारीख टाकली आणि पुढच्या पानावर दुसऱ्या पत्राचा मुद्दा लिहायला घेतला.